कोल्हापुरात बी पेशींची फ्लो सायटोमेट्री करून मिळते का? आठ महिन्यांचा अनुभव

होय, मिळते, आणि मन लावून करून मिळते. (बी पेशी म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी. फ्लो सायटोमेट्री म्हणजे एकेक पेशी लेझरसमोरून नेऊन तिच्या अंगावर काय आहे ते मोजणं.) गेल्या आठ महिन्यांत हा प्रश्न मला दहा-बारा जणांनी तरी विचारला असेल. त्यातल्या निम्म्या आमच्याच एमएस्सीच्या मुली. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. लॅबचं नाव इथे टाकत नाही, कारण ती मुळात रुग्णांची लॅब आहे. ब्लड कॅन्सरचे नमुने आणि एचआयव्हीच्या रुग्णांचा सीडी४ काउंट हे त्यांचं रोजचं काम. आमच्यासारख्यांच्या संशोधनाच्या नळ्या ते मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी तीननंतर घेतात, तेही मशीन मोकळं असेल तरच. नाव जाहीर करून तिथे गर्दी झाली तर रुग्णांचं काम अडायचं. ज्यांना खरोखर गरज आहे त्यांनी मला विचारावं, फोन नंबर देईन.

मी इथल्या एका कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवते आणि नोकरी सांभाळून पीएचडी करते. माणसाच्या रक्तातल्या वेगवेगळ्या बी पेशींवर कोणते इम्यून चेकपॉइंट रेणू असतात आणि किती असतात, हा माझा विषय. तो मी पुस्तकातून उचललेला नाही, घरातून उचललाय. माझी आत्या कागलला असते. तिला फुप्फुसाचा कॅन्सर निघाला आणि पीडी-१ रोखणारं इंजेक्शन सुरू झालं. गाठ आटली, आम्ही सगळ्यांनी अंबाबाईला जाऊन ओटी भरली. पुढे चार-पाच डोसांनंतर आत्या सारखी झोपायला लागली, भर मे महिन्यात स्वेटर मागायला लागली. तपासलं तर थायरॉइड पार मंदावलेली. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं की या औषधाचा हा ओळखीचा परिणाम आहे, गोळी चालू करू, घाबरू नका. थायरॉइडविरुद्धच्या अँटिबॉडीचा रिपोर्टही पॉझिटिव्ह आला. तो कागद हातात घेऊन मी बराच वेळ दवाखान्याच्या बाकावर बसून होते. अँटिबॉडी बनवतात बी पेशी. आणि मी इतकी वर्षं वर्गात चेकपॉइंटची गोष्ट नुसती टी पेशींची, म्हणजे रोगट पेशींवर थेट चाल करणाऱ्या पेशींची, म्हणून शिकवत होते.

चेकपॉइंट म्हणजे नाका. कोल्हापूरच्या माणसाला नाका समजावून सांगायला लागत नाही. पेशीच्या अंगावर काही रेणू असे असतात की समोरच्या पेशीवरचा जोडीदार त्यांना भेटला की आत निरोप जातो : थांब, जोर कमी कर. पीडी-१ हा त्यातला सगळ्यात गाजलेला. त्याचं जनुक १९९२ साली क्योटोला तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत सापडलं. सीटीएलए-४ हा नाका उघडला तर कॅन्सरवर चाल करता येते हे जेम्स ॲलिसन यांनी दाखवलं. दोघांना २०१८ चं नोबेल मिळालं. पण पीडी-१ बी पेशींवरही असतं. त्याच २०१८ मध्ये मेलानोमाच्या, म्हणजे त्वचेच्या एका कॅन्सरच्या, रुग्णांवरचा एक अभ्यास आला. पीडी-१ आणि सीटीएलए-४ ही दोन्ही रोखणारी औषधं एकत्र दिल्यावर पहिल्याच फेरीनंतर रक्तातल्या बी पेशी घटल्या, पण उरलेल्यांत सीडी२१ कमी असलेल्या पेशी (सीडी आणि पुढे आकडा म्हणजे पेशीच्या अंगावरचा ओळखखुणेचा एखादा रेणू) आणि प्लाझ्माब्लास्ट, म्हणजे अँटिबॉडी ओतायला लागलेल्या बी पेशी, वाढले. ज्यांच्यात असे बदल झाले त्यांना पुढे ऑटोइम्यून त्रास, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटणं, होण्याचं प्रमाण जास्त होतं. आणि त्या सीडी२१ कमी असलेल्या पेशींवर पीडी-१ सुद्धा जास्त होतं. मी तो पेपर छापून घेतला आणि माझ्या गाईडच्या टेबलावर ठेवला. विषय तिथेच ठरला.

आता मशीनकडे येते. फ्लो सायटोमीटरमध्ये पेशी एकामागे एक अशा पाण्याच्या बारीक धारेतून लेझरसमोरून जातात. प्रत्येक पेशीला आपण आधी रंगीत अँटिबॉडी चिकटवलेल्या असतात. कुठला रंग किती चमकला यावरून ती पेशी कोण आणि तिच्या अंगावर काय आहे हे कळतं. कॉलेजात हे मशीन नाही. त्यामुळे पहिल्या वेळी मी नमुने दुसऱ्या शहरातल्या एका लॅबला पाठवले. तो अनुभव सांगितल्याशिवाय इथल्या सेवेचं मोल कळणार नाही, म्हणून सांगते. त्या लॅबचंही नाव घेत नाही.

रिपोर्ट देखणा आला. ‘बी पेशींवर पीडी-१ : ४१ टक्के. प्लाझ्माब्लास्टवर पीडी-१ : ६६ टक्के.’ आलेख नाही, मूळ फाइल नाही. मी चार वेळा फोन करून मूळ फाइल मागवली, तेव्हा कळलं की प्रत्येक नळीत त्यांनी फक्त १०,००० पेशी मोजल्या होत्या. हिशोब करून बघा. रक्तातल्या पांढऱ्या पेशींत लिम्फोसाइट (बी आणि टी पेशी यांतच येतात) साधारण तीस टक्के, म्हणजे ३,०००. त्यात बी पेशी दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ३००. निरोगी माणसात बी पेशींतले प्लाझ्माब्लास्ट शंभरात एखादाच, म्हणजे तीन. तीन पेशींतल्या दोन चमकल्या म्हणून ६६ टक्के! शिवाय पीडी-१ ला त्यांनी एफआयटीसी हा रंग लावला होता, कारण तोच फ्रीजमध्ये होता. बी पेशींवर पीडी-१ मुळातच फिकट असतं, आणि पेशीची स्वतःची हिरवट चमकही त्याच कप्प्यात, म्हणजे मशीन हा रंग मोजतं तिथेच, पडते. मंद दिव्याचा उजेड भर दुपारी मोजायला बसल्यासारखं झालं. अकरा स्वयंसेवकांचं रक्त, अनुदानातले पैसे आणि दोन महिने, सगळं गेलं. ज्यांनी बाही वर करून रक्त दिलं त्यांना तोंड दाखवायची मला लाज वाटत होती.

त्यानंतर इथल्या लॅबची माहिती मिळाली. पहिल्या दिवशी वर गेले तर रिसेप्शनवरच्या मुलीने रक्त द्यायच्या खोलीत पाठवलं. हे तुमच्याही बाबतीत होईल. संशोधनाचं काम आहे असं सांगून थेट आतल्या टेक्निशियनना बोलवायला सांगा. ते शिरोळ तालुक्यातले, चाळिशीचे, बोलणं कमी. मी माझ्या फाइलमधून चौदा पानांचा प्रस्ताव काढला. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि विचारलं, “मॅडम, शेवटच्या गेटात किती पेशी उरल्या पाहिजेत, तेवढं सांगा. मग आपण मागनं हिशोब लावू.”

दोन महिने ज्या प्रश्नाची मी वाट बघत होते तो हाच. गेट म्हणजे पडद्यावर माउसने आखलेलं कुंपण : आधी जिवंत पेशी, त्यातून सीडी१९ असलेल्या म्हणजे बी पेशी, त्यातून आयजीडी (पेशीच्या अंगावर असणारा अँटिबॉडीचा एक वर्ग) आणि सीडी२७ बघून त्यांचे गट. आयजीडी आहे, सीडी२७ नाही, त्या बहुतेक कोऱ्या, अजून शत्रू न बघितलेल्या नाइव्ह पेशी. दोन्ही असलेल्या म्हणजे अँटिबॉडीचा वर्ग न बदललेल्या स्मृती पेशी. नुसतं सीडी२७ असलेल्या वर्ग बदललेल्या स्मृती पेशी. दोन्ही नसलेल्यांना सगळे डबल निगेटिव्ह म्हणतात, आणि ल्यूपससारख्या ऑटोइम्यून आजारांत त्यांचं प्रमाण वाढतं. सीडी२७ आणि सीडी३८ दोन्ही जोरात असतील तर प्लाझ्माब्लास्ट. मी म्हटलं, सगळ्यात छोट्या गटात निदान दोन-तीनशे हव्यात. त्यांनी कॅल्क्युलेटर न काढता सांगितलं, “मग पाच लाख जिवंत लिम्फोसाइट मोजायला लागतील. एका नळीला सात-आठ मिनिटं. चालतंय की. मंगळवारी या.”

काम असं चालतं. सकाळी कॉलेजात रक्त घेते, एका माणसाचं दहा मिली. रक्त बर्फात ठेवायचं नाही, खोलीच्या तापमानाला ठेवायचं. नव्याने हे काम करणाऱ्यांची इथेच चूक होते. मग १.०७७ घनतेच्या द्रावावर ते हळूच, नळीच्या कडेने सोडायचं आणि सेंट्रीफ्यूज फिरवायचं, ब्रेक न लावता. बाहेर काढल्यावर नळी उजेडाकडे धरली की खाली लाल गाळ, वर पिवळा प्लाझ्मा आणि मधे एक धुरकट पांढरी कडी दिसते. दुधावर साय धरायला लागावी तशी, पण त्याहून पातळ. त्या कडीत एक कोटीच्या आसपास पेशी, आणि त्यातल्या दहा लाख माझ्या. ड्रॉपर धरलेला हात आजही तिथे स्थिर ठेवावा लागतो. अँटिबॉडी लावून पेशी धुतल्या की उलट : आता बर्फ हवा आणि अंधार हवा. बंद नळ्या सीलबंद पिशवीत, पिशवी फॉइलमध्ये, फॉइल बर्फाच्या स्टीलच्या डब्यात. तो डबा स्कूटीच्या पायाशी ठेवून सायबर चौकातून निघते. पावसाळ्यात रस्ता तुंबला की जीव खालीवर होतो, कारण त्याच दिवशी मशीनवर चढवलं तरच त्या पेशींत अर्थ.

मशीन दोन लेझरचं, सहा रंगांचं आहे. टेक्निशियननी आणि मी बसून रंग वाटून घेतले. आयजीडीला एफआयटीसी, कारण ते ठळक असतं, त्याला मंद रंग पुरतो. सीडी१९ ला पर-सीपी-सीवाय५.५, सीडी२७ ला पीई-सीवाय७, सीडी३८ ला एपीसी, आणि मेलेल्या पेशी ओळखणारा रंग उरलेल्या सहाव्या कप्प्यात. पीई हा सगळ्यात चकचकीत रंग. तो त्यांनी राखून ठेवला : “ही जागा तुमच्या नाक्याला. एका नळीत पीडी-१, दुसऱ्या नळीत दुसरा, तिसरीत तिसरा. बाकी पाच जण तसेच राहू देत.” इतका साधा आणि इतका योग्य सल्ला मला आधी कोणी दिला नव्हता.

दुसरी गोष्ट त्यांनी हट्टाने करून घेतली ती एफएमओ. सगळे रंग घालायचे, फक्त पीई सोडून. त्या नळीत पीईच्या कप्प्यात जी काही चमक दिसेल ती शेजारच्या रंगांची गळती. तिच्या पलीकडे जे जाईल तेच खरं पीडी-१. आणि त्याच्याही आधी एफसी ब्लॉक. अँटिबॉडीला शेपटी असते आणि ती शेपटी धरणारे रिसेप्टर पेशींवर असतात, ते आधीच झाकून टाकायचे. मोनोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशींवर ते भरपूर, पण बी पेशींवरही एक असतो, सीडी३२बी. गंमत म्हणजे तो स्वतःच बी पेशीचा फार जुना ब्रेक आहे. रक्तात अँटिबॉडी पुरेशी झाली की तिचे गठ्ठे या रिसेप्टरला येऊन अडकतात आणि पेशीला सांगतात की आता बास. म्हणजे मी मोजायला आले नाके, आणि त्यातलाच एक नाका माझी मोजणी बिघडवू शकतो. मला हे शरीर अशा वेळी फार आवडतं.

आता तो दिवस सांगते ज्यामुळे मी हे सगळं लिहायला बसले. पाच स्वयंसेवकांचे नमुने झाले होते. पडद्यावर आलेख एकावर एक ठेवले तर स्मृती पेशींचा डोंगर कोऱ्या पेशींच्या डोंगरापासून लांब उजवीकडे सरकलेला. पाचही जणांत. स्मृती पेशींवर पीडी-१ जास्त, हेच माझ्या प्रस्तावात लिहिलेलं. मी तिथूनच गाईडना मेसेज टाकला. टेक्निशियन मात्र काही बोलले नाहीत, पडद्याकडे बघत बसले. मग म्हणाले, “मॅडम, जरा थांबा. सीडी२७ ची एकटी नळी परत लावूया.”

एकटी नळी म्हणजे जिच्यात फक्त सीडी२७ चीच अँटिबॉडी आहे, बाकी काही नाही. पीईचा कप्पा जवळजवळ रिकामा दिसायला हवा. सकाळी मशीन जुळवताना ती लावली होतीच, पण सॉफ्टवेअर शेजारच्या रंगांची गळती वजा करतं, त्या आधी ठरलेल्या वजाबाकीवर आम्ही दोघांनी विश्वास टाकला होता. आता ती नुसती, वजाबाकी न करता लावली. ठिपके भराभर पडायला लागले आणि सीडी२७ असलेल्या पेशींतून एक तिरपी शेपटी पीईच्या कप्प्यात वर चढत गेली. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. “हे पीडी-१ न्हवं मॅडम. ह्यात पीडी-१ टाकलेलंच न्हाई.”

पीई-सीवाय७ हा जोडरंग आहे. पीई उजेड पकडतं आणि शेजारी बांधलेल्या सीवाय७ च्या हवाली करतं, चमकतं ते सीवाय७. उष्णतेने किंवा उजेडाने ही जोडी बिघडली की पीई तो उजेड स्वतःच बाहेर टाकतं, म्हणजे चमक पीडी-१ च्या कप्प्यात पडते. सीडी२७ स्मृती पेशींवर असतं. म्हणजे खराब झालेली सीडी२७ ची बाटली प्रत्येक स्मृती पेशीला खोटं पीडी-१ चिकटवत होती. सॉफ्टवेअरची वजाबाकी ज्या बाटलीवरून ठरली होती ती वेगळी, आधीच्या महिन्यातली चांगली बाटली होती, म्हणून ती पुरी पडली नाही. त्यांनी विचारलं, ही नवी बाटली आली कशी? तेव्हा मला आठवलं. मे महिन्यात पार्सल शनिवारी शहरात पोहोचलं आणि कुरियरवाल्यांच्या गोदामात सोमवारपर्यंत पडून राहिलं. थर्माकोलचा डबा उघडला तेव्हा जेलपॅक कोमट होते. मी तक्रार केली, उत्तर आलं नाही, आणि महागाची बाटली टाकवेना म्हणून मी ती वापरायला घेतली.

टेक्निशियन त्या दिवशी गप्प बसले असते तर तो आलेख माझ्या प्रबंधात गेला असता. पाचही जणांत एकसारखा, माझ्या अपेक्षेबरहुकूम, आणि साफ खोटा. संध्याकाळचे सात वाजले होते, त्यांना शेवटची एसटी धरायची होती, तरी ते बसून राहिले. त्या वेळेचे पैसे त्यांनी लावले नाहीत, मी विचारल्यावरही नाही.

नवी बाटली मागवली, पाच जणांना पुन्हा विनंती केली, पाचही जण आले. (आमच्या ऑफिसमधले शिपाई मामा तर म्हणाले, “घ्या की मॅडम, रक्त काय, हुतंय परत.”) या वेळी स्मृती पेशी आणि कोऱ्या पेशी यांच्यातला फरक इतका बारीक निघाला की पाच जणांवरून काही म्हणायची माझी तयारी नाही. हाच खरा निकाल आणि मला तो प्रिय आहे. मग त्यांच्याच सांगण्यावरून भरवशाचा पॉझिटिव्ह नमुना तयार केला. २०१३ मधल्या एका कामात दाखवलंय की टीएलआर९ ला (जंतूंचा डीएनए ओळखणाऱ्या रिसेप्टरला) जागं करणारा सीपीजी डीएनए दिला की माणसाच्या बी पेशींवर पीडी-१ वाढतं. कॉलेजच्या इनक्युबेटरमध्ये दोन दिवस पेशी तशा वाढवल्या आणि घेऊन गेले. डोंगर एफएमओच्या रेषेपलीकडे स्वच्छ सरकला. त्या दिवशी आम्ही दोघांनी खालच्या गाड्यावर चहा घेतला.

पीईच्या फिरत्या जागेवर नंतर बीटीएलए हा दुसरा नाका बसवला. त्याला काही कष्टच पडले नाहीत. रक्तातल्या बी पेशींवर तो ठळक दिसतो. लिम्फ नोडमधल्या जर्मिनल सेंटरमध्ये, जिथे बी पेशी आपली अँटिबॉडी घासूनपुसून धारदार करतात, तिथे गेल्यावर मात्र त्या हाच रेणू उतरवून ठेवतात. बीटीएलएचा जोडीदार एचव्हीईएम. फॉलिक्युलर लिम्फोमात, म्हणजे बी पेशींच्या एका कॅन्सरमध्ये, त्याचंच जनुक बऱ्याचदा बिघडलेलं असतं. त्या लिम्फोमाचे नमुने रोज हाताळणाऱ्या लॅबमध्ये बसून आपण त्याचा जोडीदार बघतोय, हे मला त्या वेळी फार जवळचं वाटलं. जर्मिनल सेंटरमध्ये पीडी-१ चा खेळही उलटा असतो. मदतनीस टी पेशींवर पीडी-१ भरगच्च, आणि बी पेशींवर त्याचे जोडीदार पीडी-एल१ आणि पीडी-एल२. नाक्यावरचा माणूस एका बाजूला, फाटक दुसऱ्या बाजूला. पण ते रक्तात दिसत नाही, त्यासाठी टॉन्सिल किंवा लिम्फ नोड लागेल. ते पुढच्या वर्षी.

टिम-१ हा नाका मला सगळ्यात जास्त बघायचा होता. हिपॅटायटिस ए चा विषाणू पेशीला धरतो तो हाच रेणू असं आधी मानलं गेलं, म्हणून त्याच्या जनुकाचं नावही त्यावरूनच पडलंय. २०२३ मध्ये उंदरांवर एक काम प्रसिद्ध झालं. मेलानोमाची गाठ असलेल्या उंदरांच्या फक्त बी पेशींतून टिम-१ काढून टाकला तर गाठीची वाढ मंदावली आणि टी पेशी जोरात आल्या. इतर नाके बी पेशींतून काढून बघितले तर तसं झालं नाही. याचा अर्थ असा की बी पेशींचा म्हणून स्वतंत्र नाका असू शकतो. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. पण निरोगी माणसाच्या, न डिवचलेल्या रक्तात आमच्या मशीनवर टिम-१ चा डोंगर एफएमओवरच बसला. टेक्निशियन म्हणाले, “असंल पण, दिसंना. लिहायचं ‘दिसलं नाही’.” तसंच लिहिलंय.

एका गोष्टीचा इथे मला फार उपयोग झाला आणि ती सेवेच्या यादीत कुठे लिहिलेली नाही. आमच्या एमएस्सीच्या दहा मुलींना त्यांनी एका गुरुवारी मशीन दाखवलं. त्याच्या आदल्या दिवशी मी वर्गात लक्ष्मीपुरीतून आणलेल्या कोंबडीतला बर्सा दाखवला होता. शेपटाखालची छोटी पिशवी, मोठ्या वाटाण्याएवढी. कोवळ्या पक्ष्यातच नीट दिसते, पुढे आटते. बी पेशीतला ‘बी’ तो या बर्साचा. १९५६ साली ब्रूस ग्लिक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की लहानपणीच बर्सा काढलेल्या कोंबड्या नीट अँटिबॉडी बनवू शकत नाहीत, आणि ते छापून आलं कुक्कुटपालनाच्या नियतकालिकात. मुलींनी तीच पेशी दुसऱ्या दिवशी पडद्यावर ठिपका होऊन पडताना बघितली. त्यातल्या एकीने घरी जाऊन वडिलांना, त्यांची पोल्ट्री आहे, बर्सा कुठे असतो ते दाखवलं.

आता उणिवा, कारण त्याही आहेत. सहा रंग या विषयाला कमी पडतात. सीडी२४ बसत नाही, त्यामुळे अस्थिमज्जेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या ट्रान्झिशनल पेशी आणि त्यांच्यातच शोधल्या जाणाऱ्या नियामक बी पेशी बघायला वेगळी नळी लावावी लागते, म्हणजे पैसे दुप्पट. पेशी वेगळ्या काढून हातात देणारं सॉर्टर इथे नाही, ते काम असेल तर पुणे गाठायचं. बुकिंग फक्त फोनवर, आणि तो फोन अकराच्या आत केला तरच उचलतात. बिल कॉलेजच्या नावाने हवं असेल तर तीन आठवडे धरून चाला. जिना अरुंद आहे आणि लिफ्ट माझ्या आठ महिन्यांत चालू दिसलेली नाही. एप्रिलमध्ये मशीनच्या खोलीचा एसी बिघडला आणि आठवडाभर काम बंद होतं. पण हे सांगायला त्यांनी सकाळी नऊलाच फोन केला, आमचं रक्त काढायच्या आधी. त्यामुळे कोणाची सुई वाया गेली नाही.

दर सांगते : एका नळीला ९०० रुपये, अँटिबॉडी आपली. एफएमओ आणि एकट्या रंगांच्या नळ्यांना अर्धे. एथिक्स कमिटीचं पत्र आणि स्वयंसेवकांची संमती पहिल्याच दिवशी मागतात, झेरॉक्स ठेवून घेतात. त्याशिवाय नळीला हात लावत नाहीत. मूळ फाइल न मागता पेनड्राइव्हवर मिळते, गेट कुठे आखले त्याच्या चित्रांसकट. पेनड्राइव्ह नवा न्या, जुना ते मशीनच्या कॉम्प्युटरला लावू देत नाहीत.

आत्या बरी आहे. थायरॉइडची गोळी रोज सकाळी घेते, इंजेक्शन चालू आहे, गाठ वाढलेली नाही. तिने मला विचारलं की तुझ्या मशीनमध्ये माझं रक्त घालणार का. तिच्यासाठी परवानगीचे कागद वेगळे लागतात, ते मी गेल्या महिन्यात दिलेत. मंजूर झाले की आयजीडीच्या जागी सीडी२१ बसवून पहिली नळी लावायची आहे.

परवा नवीन नमुने द्यायला गेले तर टेक्निशियननी नवा छापील फॉर्म पुढे केला. नाव, तारीख, नळ्यांची संख्या याखाली तीन चौकोन वाढवलेत : ‘शेवटच्या गेटात किती पेशी हव्यात’, ‘एफएमओ आणला का’, आणि ‘जोडरंगाची बाटली कोणत्या तारखेला, किती थंड आली’. तिसऱ्या चौकोनापुढे त्यांनी पेनने बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं : ‘मॅडमची मे महिन्याची बाटली आठवा.’